बोरस्कोप हाती घेण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुला बोरस्कोपच्या, म्हणजे विमानाच्या जेट इंजिनात बारीक कॅमेरा घालून तपासण्याच्या कामावर घेतलं हे कळलं आणि फार आनंद झाला. या कामावर माझा किती जीव आहे ते तू जाणतोसच, म्हणून लगेच लिहायला बसलो.

इंजिन न उघडता त्याच्या पोटात डोकावता येणं ही केवढी मोठी सोय! कॅमेऱ्याचं टोक जेमतेम 4 ते 6 मिलिमीटर जाड. ठिणगी पाडणारा इग्नायटर प्लग काढला की त्याच भोकातून ते कम्बशन चेंबरमध्ये, म्हणजे इंधन जळतं त्या भागात जातं. हवा दाबणारा कॉम्प्रेसर आणि तापलेल्या वायूने फिरणारं टर्बाइन यांच्यासाठी केसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर वेगळे पोर्ट (भोकं) असतात. गिअरबॉक्सकडून एकजण रोटर, म्हणजे इंजिनाचा फिरणारा भाग हळूहळू फिरवतो आणि पडद्यावर एकेक ब्लेड (पातं) समोर येऊन पुढे सरकतं. पहिल्या ब्लेडची खूण पक्की धर. मोजणी चुकली तर फेरी पुन्हा पहिल्यापासून. कुणी हाक मारली तर आधी रोटर थांबवायला सांग, मग मान वळव.

हाय प्रेशर टर्बाइनच्या पहिल्या स्टेजला, म्हणजे चेंबरलगतच्या ब्लेडच्या रांगेला मात्र हवा तेवढा वेळ दे. तिथला वायू ब्लेडचा धातू वितळेल त्याहूनही तापलेला असतो. आतून खेळवलेली हवा बारीक छिद्रांतून बाहेर येऊन ब्लेडवर पातळ थर धरते, वर सिरॅमिकचा लेप असतो, म्हणून ते तगतं. छिद्र बुजलं की तेवढी जागा भाजते, लेप उडतो. 1982 साली जावाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या जम्बोची चारही इंजिनं ज्वालामुखीच्या राखेने बंद पडली होती. अशी राख चेंबरमध्ये वितळते आणि टर्बाइनवर जाऊन चिकटते.

काजळीची रेघ, सावली आणि तडा पडद्यावर अगदी सारखे दिसतात. टोक जरा वळव, उजेड दुसऱ्या बाजूने पाड. सावली हलते, तडा हलत नाही. मग कॅमेऱ्यातूनच लांबी मोज आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघ; ‘एवढं चालतं’ असं सांगणारा कितीही जुनाजाणता असो, त्याचं ऐकू नकोस.

आणि कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो, हे विसरू नकोस. 2018 मध्ये साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या विमानाच्या इंजिनातलं फॅन ब्लेड (पुढच्या पंख्याचं पातं) मुळाशी धातूच्या थकव्याच्या तड्याने तुटलं, तेव्हा तशा ब्लेडसाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) तपासणी सक्तीची झाली.

इंजिन पुरेसं थंड झाल्याशिवाय प्रोब, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालू नकोस. रोटर फिरवणाऱ्याशी इशारे आधीच ठरव, नाहीतर ब्लेडमध्ये सापडून प्रोबच तुटेल. पहिलं इंजिन कोणतं मिळालं, ते कळव.

तुझा,
अविनाश