ओल लागून खराब झालेला फ्लुओ-४ एएम रंग बदलून देण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेसाठी आपल्याकडून फ्लुओ-४ एएम या, पेशीतले कॅल्शियम दाखवणाऱ्या चमकत्या रंगाच्या ५० मायक्रोग्रॅमच्या कुप्या मागवल्या होत्या. कोरड्या बर्फात पाठवा, असे ऑर्डरवर स्पष्ट लिहिले होते. पार्सल ऐन मे महिन्यात शनिवार-रविवार नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात पडून राहिले. खोक्यात कोरडा बर्फ नव्हताच. कोमट जेलच्या पिशव्या होत्या, त्यांतली एक फुटलेली. कुप्यांची पिशवी आतून ओली, सिलिका जेलची पुडीही नाही. फोटो त्याच दिवशी पाठवले.

पावडर साध्या तापमानाला काही दिवस टिकते, तुमच्या पेशी तपासा, असे आपले उत्तर आले. टिकते, पण कोरडी असेल तर. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हे सोडले तरी खरे नुकसान ओलीने केले आहे.

हा रंग पेशीत शिरतो तो त्याला जोडलेल्या एस्टरमुळे, म्हणजे नावातल्या ‘एएम’ या रासायनिक गटामुळे. रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांनी १९८१ साली मांडलेली ही पद्धत आजही तितकीच सुंदर वाटते. एस्टर शाबूत असेपर्यंत रेणू पेशीपटल ओलांडतो, कॅल्शियमला धरत नाही आणि जवळजवळ चमकतही नाही. आत गेल्यावर पेशीतली विकरे एस्टर तोडतात, रंग आतच अडकतो आणि कॅल्शियम मिळताच शंभर पटींहून जास्त उजळतो. ओलीमुळे एस्टर कुपीतच तुटला, तर रंग पेशीबाहेरच राहणार.

म्हणून आम्ही आधी पेशी बाजूला ठेवल्या. कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये, एकही पेशी न घालता, नवा रंग टाकला. ४८८ नॅनोमीटरचा प्रकाश पडताच अख्खे द्रावण हिरवे झाले. मागच्या लॉटमधली राखलेली कुपी त्याच बफरमध्ये जवळपास काळोखीच राहिली. त्या जुन्या रंगाने भारलेल्या पेशी पेशीत कॅल्शियम आत सोडणारे आयनोमायसिन देताच लख्ख उजळल्या. नव्या रंगात त्याच पेशी काळ्या आणि भोवतालचे माध्यम हिरवे. रंग विरघळायला मदत करणारे प्लुरॉनिक वाढवण्याचा आपला सल्लाही पाळला. तुटलेला एस्टर त्याने जुळत नाही.

यात एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचे काम अडले आहे. तिची फेलोशिप संपत आली आहे आणि नवी खरेदी म्हणजे कोटेशनपासून पुन्हा सुरुवात. तिच्या हातात दोष नव्हता, हे वरच्या चाचणीवरून आपल्यालाही दिसेल.

तरी दुसऱ्या लॉटच्या कुप्या विनामूल्य, कोरड्या बर्फात आणि सोमवारीच रवाना कराव्यात, म्हणजे पार्सल सुट्टीत अडकणार नाही. चाचणीच्या प्रतिमा सोबत जोडल्या आहेत. याच खेपेतून विदर्भात इतर कुणाला माल गेला असेल, तर त्यांनाही कृपया आजच कळवा. ते अजून आपल्या पेशींनाच दोष देत असतील.

कळावे,
प्रयोगशाळा प्रमुख, नागपूर