‘आपल्याकडे 4’

ताई,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. चांदवडच्या ज्या शेतकऱ्याची तुम्ही मुलगी, ते ट्रॅक्टर भरायच्या आधी आमच्या साइटवर कांद्याचा भाव बघतात आणि ती उघडली नाही की तुम्हाला पुण्याला फोन लावतात, एवढं मात्र सांगतो. बाबांच्या त्या फोनांना कंटाळून तुम्ही आलात. माझं नशीब!

लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, येवला इथले किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव एका पानावर, एवढंच आमचं काम. पंचवटीतल्या एका खोलीतून चालतं. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी लागली, जो तो मोबाइल काढून भाव बघायला लागला आणि सर्व्हर पहिल्यांदा आडवा झाला. त्यानंतर बाजारात जरा खळबळ झाली की आमचं पान बंद. नेमकं हवं तेव्हाच.

मदतीला आधी तिघे येऊन गेले होते. पहिल्याने माझा कोड बघितला आणि हसला. दुसऱ्याने 2 जीबी मेमरीचा सर्व्हर 4 जीबीचा करायला लावला. भाडं वाढलं, साइट पडायची तशीच पडत राहिली. तिसरा सगळ्यात हुशार. लोकांना पान पाठवणारं सॉफ्टवेअर म्हणजे अपाची. सर्व्हर एका वेळी किती जणांना आत घेईल तो त्यातला आकडा, मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स, त्याने 150 चा 250 केला. ‘जास्त लोक, जास्त स्पीड.’ पैसे घेतले, पावती नाही. दुसऱ्या दिवशी साइट दहा मिनिटं लवकर पडली.

तुम्ही आलात त्या रविवारी बराच वेळ कशालाच हात लावला नाहीत. चहा घेतलात आणि मला विचारलंत, ‘समितीच्या आवारात एकदम पाचशे ट्रॅक्टर सोडले तर लिलाव लवकर होईल का?’ मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. आत आलेल्या प्रत्येक माणसामागे अपाचीची एक प्रोसेस लागते, आणि पान बनवणारी पीएचपी पोटात घेऊन बसलेली आमची एकेक प्रोसेस साधारण 60 एमबी मेमरी खात होती. अशा दीडशे म्हणजे 9 जीबी. अडीचशेचा हिशोब नकोच. मेमरी संपली की सर्व्हर डिस्कवर ओझं टाकतो, तिथे सगळंच रांगायला लागतं, आणि शेवटी लिनक्स (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, आमचं उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) जास्त खाणाऱ्याचा गळा धरतो. आमच्याकडे तो डेटाबेसचा धरत होता. दोन वर्षं मी डेटाबेसला शिव्या दिल्या, बिचाऱ्याला!

पुढे तुम्ही आणखीही बरंच केलंत. पान बघून झाल्यावरही माणूस पाच सेकंद जागा अडवून बसायचा (माल उतरवून आवारातच चहा पीत बसलेला ट्रॅक्टरवाला, हे तुमचंच), ते दोनवर आणलंत. लिलाव झाल्याशिवाय भाव बदलत नाही, तरी प्रत्येकासाठी पान नव्याने बनत होतं, ते मिनिटभर साठवून ठेवायला लावलंत. ते सगळं इथे लिहीत बसत नाही. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते वेगळंच आहे.

तुम्ही गेल्यावर आठवडाभराने मी अपाचीचे हे आकडे असलेली फाइल उघडली. तुमच्या आधी ज्याने हात लावला त्याने जुनं पुसून नवं टाकलं होतं, काय बदललं त्याचा पत्ता नाही. तुम्ही बदललेल्या आकड्याच्या डोक्यावर तारीख घालून, चक्क देवनागरीत, लिहून ठेवलं होतंत:

# आधी 150 होते. चूक कोणाची नाही, उबुंटूवर बसवतानाच हा आकडा येतो. 150 × 60 एमबी = 9 जीबी. आपल्याकडे 4. डेटाबेस वगैरेला दीड सोडून 40.

आपल्याकडे! सगळे मला ‘तुमचा सर्व्हर’ म्हणत आले, तेही सुतकी तोंडाने. तुमचा त्या सर्व्हरशी काडीचा संबंध नाही, आणि तुम्ही लिहिता आपल्याकडे. तिसऱ्या महाभागाचे 250 तुम्ही पाहिले होते, त्याचं नावही काढलं नाहीत. खरं सांगतो, खुर्चीत बसल्या बसल्या डोळे भरून आले. बायको म्हणाली, आता काय पडलं?

समितीच्या आवारातही असा एखादा हमाल असतो. नवखा शेतकरी दिसला की कुठल्या रांगेत लागायचं ते सांगतो, गाडी मागे घ्यायला हात दाखवतो. त्याच्या मजुरीत ते काम कुठे धरलेलं नसतं. परवा तसा एक दिसला आणि तुमची आठवण आली, राग मानू नका.

पैसे घेतले नाहीत, द्राक्षांची पेटी तेवढी नेलीत, तीही बाबांसाठी. गेल्या सोमवारी भाव घसरला तेव्हा पुन्हा तशीच झुंबड उडाली. मी घड्याळ बघत बसलो होतो. पान चालू होतं. बाबांचा फोन तुम्हाला आला नसणार.

आणि एक. परवा अपाचीचे नको असलेले दोन जोडभाग (मॉड्यूलं) बंद केले, आता एकेक प्रोसेस 52 एमबीवर आली आहे. तुमची ओळ तशीच ठेवून खाली माझी घातली आहे:

# ताई, 40 चे 45 केले. आधी मोजलं. 45 × 52 = 2340. आपल्याकडे बसतं.