थंडीत माडाच्या हिरव्या झावळ्या उतरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आवारातले माड उदास दिसू लागतात. खालच्या झावळ्या पिवळ्या पडतात, पात्यांची टोके करपतात, बुंध्याशी सुपारीएवढी बोंडे गळून पडलेली असतात. मग 'रोग लागला' असे ठरते. झाडे साफ करणाऱ्याला बोलावले जाते आणि तो शेंड्यावर चार-पाच उभ्या झावळ्या ठेवून बाकीच्या हिरव्यागार झावळ्याही खाली आणतो. काही ठिकाणी तर झाड तोडण्याच्या परवानगीसाठी अर्ज तयार होतो. यातल्या बहुतेक माडांना रोग नसतो. ते थंडीने मंदावलेले असतात आणि त्या वेळी त्यांना सर्वांत जास्त गरज झावळ्यांचीच असते.

माडाला वर्षाचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास मानवते. पारा १५ च्या खाली गेला की मुळांचे काम आणि नव्या पानांची वाढ जवळजवळ थांबते. पुण्यात हिवाळ्याच्या रात्री १० अंशांच्या खालीही जातात. तरी माड तगतो, कारण दुपारी तापमान पुन्हा २८-३० पर्यंत चढते. शहरातही सगळीकडे सारखे नसते. पाषाण, शिवाजीनगर, एनडीए या भागांतला पहाटेचा पारा मगरपट्टा किंवा लोहगावपेक्षा कित्येकदा चार-पाच अंशांनी खाली असतो. थंड हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. म्हणून ओढ्याकाठच्या माडापेक्षा इमारतीच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीपासून तीन-चार मीटरवर असलेला माड हिवाळा सुखाने काढतो. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते.

झावळी म्हणजे या झाडाची शिदोरी. निरोगी माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात आणि प्रत्येकीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा असतो; त्याचीच पुढे नारळांची पेंड होते. ती झावळी खालून आपल्या पेंडीला आधार देते. हिरवी झावळी तोडली की पेंड लोंबकळते, देठाशी पिचते. शिवाय थंडीत नवी झावळी येण्याचा वेग निम्म्यावर येतो, त्यामुळे डिसेंबरात तोडलेल्या झावळ्यांची भरपाई व्हायला दुसरा पावसाळा लागतो. उतरवायची ती फक्त पूर्ण वाळलेली, तपकिरी, स्वतःच्या वजनाने लोंबणारी झावळी. अर्धी पिवळी असली तरी ठेवावी. झाड तिच्यातले पालाश (पोटॅश) काढून नव्या पानाला देत असते.

पिवळेपणा कुठे आहे, हे आधी पाहावे. सर्वांत जुन्या पानांवर नारिंगी ठिपके असतील आणि टोके करपत असतील तर पालाश कमी आहे. जुनी पाने कडेने पिवळी, पण मधल्या शिरेजवळ हिरवी असतील तर मॅग्नेशियम कमी. वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आळ्यात द्यावे. नवी कोवळी पाने फिकट पिवळी असतील तर लोह मिळत नाही, आणि पुण्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे फार दिसते. हिराकस (फेरस सल्फेट) नुसते टाकले तर चुन्यात अडकून बसते. ते शेणखतात मुरवून द्यावे.

खरी घाबरण्यासारखी खूण वेगळीच असते. मधली सुई, म्हणजे न उघडलेले उभे पान, कोमेजते आणि हलके ओढताच हातात येते, बुडाला घाण वास येतो. ही कोंबकुज. माडाला वाढीचा डोळा एकच असतो, तो गेला की झाड गेले. कुजलेला भाग धारदार सुरीने स्वच्छ होईपर्यंत काढावा आणि बोर्डो मलम लावावे. त्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत कालवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. जखम पावसापासून झाकावी. रोग पावसाळ्यात लागतो आणि थंडीत उघडकीला येतो, म्हणून कित्येकदा थंडीलाच दोष दिला जातो.

पाण्याचा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. माडाची अन्न घेणारी मुळे बुंध्यापासून दीड-दोन मीटरपर्यंत पसरलेली असतात, पण पाईप मात्र बुंध्यालाच टेकवलेला असतो. ठिबकच्या चार तोट्या बुंध्यापासून एक मीटरवर चार दिशांना ठेवाव्यात. मोठ्या झाडाला हिवाळ्यात दिवसाला ३०-३५ लिटर पुरते. पुण्याचा एप्रिल-मे कोरडा, वारा भाजणारा. तेव्हा ६०-७० लिटर लागते. हिवाळ्यात पाणी उन्हे वर आल्यावर द्यावे, रात्री नको. काळ्या जमिनीत फूटभर खाली माती मुठीत दाबून गोळा होत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. थंड, चिखलट मातीत मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. ते पाहून आणखी पाणी दिले जाते. आळ्यात नारळाची सोडणे, म्हणजे वरची तंतुमय साले, पाठ वर करून अंथरली की ओल टिकते आणि माती रात्री कमी गार होते. कोकणातल्यासारखे खड्ड्यात मीठ मात्र घालू नये. तिथली जांभ्याची माती भरपूर पावसात धुतली जाते, आपल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या क्षारांत मिठाची भर नको.

पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा, मग दरवर्षी तेवढीच वाढ. शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकदम, युरिया व पोटॅश तीन हप्त्यांत. कोकणात दुसरा हप्ता ऑक्टोबरात देतात. पुण्यात तो सप्टेंबरच्या मध्यावरच द्यावा. जमीन गार झाल्यावर दिलेले खत नुसते पडून राहते.

नवी लावणी करणाऱ्यांनी शक्यतो बाणवली ही उंच जात किंवा त्याच जातकुळीतली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'प्रताप' (१९८७) निवडावी. लवकर शहाळी मिळतील म्हणून बंगल्यात नारिंगी ठेंगू जाती लावल्या जातात, पण थंडी आणि कोरडी हवा त्यांना उंच जातींपेक्षा जास्त बाधते. रोप नऊ ते बारा महिन्यांचे, पाच-सहा पानांचे आणि बुंध्याशी दहा सेंटिमीटर घेराचे असावे. लावणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे पहिल्या थंडीआधी मुळांना पाच महिने मिळतात. ऑक्टोबरात लावलेले रोप जानेवारीत जागच्या जागी थिजते. खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल घ्यावा, पण काळ्या जमिनीत तो मुरूम, पोयटा आणि शेणखताने जवळजवळ जमिनीच्या पातळीपर्यंत भरूनच रोप लावावे. खोल खड्ड्यात लावण्याची कोकणी पद्धत इथे रोपाभोवती डबके करते. पहिले दोन हिवाळे रात्री गोणपाटाचा आडोसा करावा. प्लास्टिक गुंडाळू नये, आत दव साचून सुई कुजते.

आणखी एका गोष्टीकडे व्यवस्थापकांनी लक्ष द्यावे. चढण्यासाठी खोडाला कोयत्याने खाचा पाडल्या जातात, दिव्यांच्या माळांसाठी खिळे ठोकले जातात. आंबा-वडासारखी माडाची जखम भरून येत नाही, कारण त्याच्या खोडात नवी साल धरणारा थरच नसतो. त्याच खाचांतून सोंड्या भुंगा आत शिरतो आणि त्याचा पत्ता लागतो तेव्हा शेंडा कलंडलेला असतो. झाड साफ करणाऱ्याला काम देताना शिडी किंवा चढण्याचे यंत्र आणण्याची अट घालावी, कोणती झावळी तोडायची ते खाली उभे राहून दाखवावे आणि पेव्हर ब्लॉक बुंध्यापासून निदान दीड मीटर मागे घ्यावेत.

आपले,
माडांची निगा राखणारे काही बागायतदार व माळी,
पुणे