व्हाळापलीकडच्या मावशींना पत्र

प्रिय मावशी,
सा. न. वि. वि.

काल सकाळी खुराड्यात बदकाचं पहिलं अंडं मिळालं. पांढरं, कोंबडीच्या अंड्याहून चांगलंच मोठं आणि हाताला जड. लेकीने ते ओंजळीत धरून ओटीवर आणलं आणि पहिला प्रश्न केला, "आजीला कधी दाखवायचं?" तुम्ही दिवाळीपासून मुंबईला मुलाकडे. फोनवर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहायला बसले. सूनबाई वाचून दाखवतील. हे पत्र चारचौघांत ठेवते आहे त्याचंही कारण आहे. घरात लहान मूल आणि मनात बदकाची पिल्लं आणायचा बेत, अशा कितीतरी आया असतील, पण प्रत्येकीच्या व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, तुम्ही असणार नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा बदकाची आणि दोन राजहंसाची पिल्लं आणली. ठाणं सोडून कुडाळजवळच्या या वाडीत येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि लेक चार वर्षांची होती. विकणाऱ्याने एक खोकं आणि कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य हातात दिलं आणि बाकी काही लागत नाही असं सांगितलं. मी खोक्यात वर्तमानपत्र पसरलं, वर बल्ब टांगला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक म्हणाली, बदकांना पोहायचंय. बदकच ती, असं म्हणून मी टब भरला. पाच मिनिटांत सगळ्यांची लव अंगाला चिकटली, दोन पिल्लं मान टाकून पडली, आणि त्याच वेळी लाईट गेली.

त्या पावसात तुम्ही डोक्यावर इरलं घेऊन व्हाळावरचा साकव ओलांडून आलात. "आधी कोरडी कर तेंका," एवढंच म्हणालात. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात एकेक पिल्लू पुसलंत, चुलीच्या उबेला टोपलीत ठेवलंत, गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून त्यांच्या मधोमध लावल्यात. मग मला समजावलंत की पिल्लू आईच्या पोटाखाली असतं तेव्हा तिच्या पिसांचं तेल त्याला लागतं, त्याची स्वतःची तेलाची गाठ नीट काम करू लागायला काही आठवडे जातात, तोवर ते पाण्यात भिजतं आणि गारठतं. रात्री साडेदहापर्यंत तुम्ही बसून होतात. आठच्या आठ जगली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र गेलं आणि गोणपाट आलं, कारण गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि मग ते तसेच राहतात. पाण्यासाठी तुम्ही करवंटी निवडलीत आणि भोवती गोटे लावलेत. नाक बुडेल एवढी खोल, अंग बुडणार नाही एवढी अरुंद. बदकाला चोच नाकापर्यंत पाण्यात घालून धुवावी लागते, नाहीतर नाकपुड्या चोंदतात, हे मला कुठून माहीत असणार? आणि खाद्य कधीही पाण्याशिवाय ठेवायचं नाही, कोरडा घास घशात अडकतो. मी पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३२–३३ अंश राहावेत म्हणून तापमापक घेऊन बसायचे आणि दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायचे. तुम्ही नुसतं पिल्लांकडे बघायचात. गठ्ठा करून बसली तर बल्ब खाली घ्यायचा, चोच उघडून लांब पळाली तर वर. महिन्याभरात मीही तापमापक फडताळात ठेवून दिला.

पण मला खरं लिहायचंय ते लेकीबद्दल. तिला पिल्लं हातात घ्यायची होती, छातीशी धरायची होती, पापी घ्यायची होती. मी दिवसभर नको नको करत होते आणि ती दिवसभर रडत होती. तुम्ही दोन दिवस बघितलंत आणि मलाच म्हणालात, "पोराक नुसता नको नको काय सांगतंस, काम दी." मग तिला शेजारी बसवून कात्रीने हराळी, म्हणजे दूर्वाच, बारीक कापायला शिकवलीत. राजहंसाची पिल्लं जन्मापासून गवतावरची. ती दोघं तिच्या हातातलं सूप बघितलं की शिट्टीसारखा बारीक आवाज काढत धावत यायची. गवत पचायला वाळू लागते म्हणून ओढ्याची जाड वाळू तिनेच चाळायची आणि दुसऱ्या करवंटीत भरायची. संध्याकाळी आठ चिंचोके मोजून डबीत टाकायचे, म्हणजे सगळी आत आली. माझी मुलगी आकडे अंगणवाडीत नाही, त्या डबीपाशी शिकली.

आणि तो नियम, "डोळ्यान बघ, हातान नको." पुढे तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पक्षी अगदी टुणटुणीत दिसला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास फार होतो. तुम्ही ते नाव कधी ऐकलं नसेल, पण साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून लेकीच्या उंचीवर नळाला बांधली होती ती तुम्हीच. ती अजून तिथेच आहे. पिल्लं तिच्या मांडीवर चढली तर मांडीवर गोणपाट, उठल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि पापी द्यायचीच तर जाळीच्या अलीकडून, हवेतून. आजही रात्री खुराड्याचं दार लावताना ती तशीच पापी फेकते.

तिसऱ्या आठवड्यात एक बदक बसूनच राहायला लागलं, पाय आत वळलेले. मला वाटलं पडलं असेल. तुम्ही त्याला उचललंत, गुडघे चाचपलेत आणि म्हणालात, मोडलेलं काही नाही, खाण्यातच काहीतरी कमी आहे, दवाखान्यात ने. डॉक्टर म्हणाले, नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कमी पडतंय. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट लागतं, नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर भागत नाही. ते जीवनसत्त्व असलेली ब्रूअर्स यीस्टची पूड खाद्यावर भुरभुरली, आणि आठवड्याभरात ते धावायला लागलं. त्याच सुमारास मी शेंगदाण्याची पेंड आणली होती. तुम्ही पिशवीत हात घातलात, नाकाला लावलात आणि अख्खी पिशवी खड्ड्यात पुरलीत. मला पैशांचं वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलंही असेल. मग डॉक्टरांकडून कळलं की १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या खाद्याने एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही गेली, आणि त्यातूनच ॲफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. बदकांना ते फारच थोडं पुरतं. आपल्या पावसाळ्यात तर दोन दिवस उघडी राहिलेली पेंडही कुबट होते.

ऑगस्टमध्ये मुंगूस आला. माझ्या जाळीची भोकं मोठी होती. पहाटे एक बदक गेलं, कोपऱ्यात पिसं तेवढी राहिली होती. लेक उठायच्या आत मी पिसं गोळा केली आणि गोष्ट तयार ठेवली, ते आपल्या आईकडे गेलं म्हणून. तुम्ही दूध घेऊन आलात तेव्हा मी हळूच ती गोष्ट तुमच्या कानात सांगितली. तुम्ही मान हलवलीत. ती उठल्यावर तिला जवळ घेतलंत, पिसं तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "गेला गो बाय ता. आता परत येवचा नाय." ती खूप रडली. तुम्ही गप्प बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. मग दोघींनी माडाखाली खड्डा केलात. त्या संध्याकाळी तिने सात चिंचोके डबीत टाकले आणि आठवा माडाच्या मुळाशी ठेवून आली. मी त्या दिवशी खोटं बोलले असते, मावशी, आणि ती आजही रोज विचारत राहिली असती. दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाने सुट्टीवर आलेला असताना अर्ध्या इंचाची जाळी ठोकून दिली, खाली हातभर पुरून. त्याचेही आभार, त्याला सांगा.

गणपतीत तिने एकवीस दूर्वांच्या जुड्या एकटीने बांधल्या. हात बसला होता ना. उरलेल्या दूर्वा राजहंसांनी खाल्ल्या.

आता इकडची खबर. पाच बदकांत दोन नर निघाले. शेपटीवरची पिसं वर वळली आहेत आणि आवाज घोगरा, बसल्यासारखा. गडगडून ओरडतात त्या तिघी माद्या. अंडं त्यांतल्या कोणत्या तरी एकीचं. राजहंस मात्र हल्ली पोस्टमनवर मान लांब करून धावतात आणि लेकीच्या पुढे उभे राहून कुणाला जवळ येऊ देत नाहीत. हे वाढणार की आवरता येईल, ते फोनवर नक्की सांगा. अंडं तिने तांदळाच्या डब्यात ठेवलंय, तुम्ही आल्याशिवाय कुणी फोडायचं नाही असं बजावून. म्हणून संक्रांतीपर्यंत वाट बघायला लावू नका.

तुमची,
साकवाअलीकडची