पोस्टडॉकचं कॉन्ट्रॅक्ट प्रयोगापेक्षा छोटं का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मेंदूवरच्या संशोधनाच्या बातम्या तुमच्या पेपरात येतात त्या मी आवर्जून वाचते. "शास्त्रज्ञांनी शोधून काढलं" असं त्यात असतं, पण ते शास्त्रज्ञ कोण हे सहसा कळत नाही. बऱ्याचदा प्रत्यक्ष काम केलेलं असतं ते पोस्टडॉकनी, म्हणजे पीएचडी झालेली पण स्वतःची लॅब नसलेली, कुणा प्राध्यापकांच्या लॅबमधे एक-दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर असलेली माणसं. मी त्यातलीच एक, विद्यापीठाच्या न्यूरोसायन्स लॅबमधली. पगारावरही लिहिण्यासारखं आहे पण आज मला वेळेबद्दल लिहायचंय, कारण आमचं कॉन्ट्रॅक्ट प्रयोगापेक्षा छोटं असतं आणि त्यात आमचे हाल होतात ते होतातच, पण विज्ञानाचं जे नुकसान होतं त्याबद्दल कुणी फारसं बोलतच नाही.

एक प्रयोग घ्या. समजा, भीतीची आठवण तयार होताना अमिग्डालामधल्या (मेंदूचा भीतीशी संबंधित भाग) एका ठराविक प्रकारच्या पेशी काय करतात हे बघायचंय. आधी एथिक्स कमिटीची परवानगी. मग फक्त त्याच पेशींपर्यंत पोचता येईल असे जनुकीय बदल केलेले उंदीर लागतात, त्यासाठी दोन वेगळ्या लाइन, म्हणजे उंदरांचे वंश, क्रॉस करायच्या, मादी साधारण तीन आठवडे गाभण, पिल्लं आईपासून वेगळी करायला अजून तीन आठवडे, मग जीनोटायपिंग, म्हणजे कुठल्या पिल्लात कोणते बदल आलेत ही तपासणी, आणि त्यात हवे ते दोन्ही बदल असलेली पिल्लं थोडीच निघतात, कधीकधी अजून एक पिढी थांबावं लागतं. ती मोठी झाली की सर्जरी करून मेंदूत हवं ते जनुक वाहून नेणारा व्हायरस सोडायचा, त्यातून प्रोटीन पुरेसं तयार व्हायला परत तीन-चार आठवडे. त्यानंतर कुठे ट्रेनिंग आणि रेकॉर्डिंग. आणि सगळ्यात शेवटी मेंदूचे काप करून मायक्रोस्कोपखाली बघायचं की व्हायरस बरोबर जागी गेला होता का, नसेल गेला तर त्या उंदराचा सगळा डेटा बाद. हे झालं एका बॅचचं, आणि एका बॅचवर कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

दुसरी गोष्ट हाताच्या कौशल्याची. पॅच क्लॅम्प नावाची पद्धत आहे, एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मधे ती वापरून पेशीच्या एकेका आयन चॅनलमधून, म्हणजे तिच्या आवरणातल्या सूक्ष्म वाटेतून, जाणारा करंट पहिल्यांदा मोजला आणि १९९१ मधे त्यांना नोबेल मिळालं. जेमतेम मायक्रॉनभर टोक असलेली काचेची नळी पेशीला टेकवायची, हलकेच सक्शन द्यायचं आणि गिगाओमचं सील, म्हणजे वीज जवळपास गळणार नाही इतका घट्ट जोड, बसतंय का बघायचं. मेंदूचा काप ऑक्सिजन सोडलेल्या द्रावणात काही तासच चांगला राहतो, जे काय करायचं ते तेवढ्यात. पण सील बसलं, स्क्रीनवर त्या एका पेशीचे स्पाइक, म्हणजे विजेचे झटके, दिसायला लागले आणि स्पीकरवर त्यांची टकटक ऐकू आली की जे वाटतं त्यासाठी मी हे काम पुन्हा निवडेन. हात बसायला मात्र महिने लागतात आणि हे वाचून येत नाही, ज्याला येतं त्याच्या शेजारी बसून शिकावं लागतं. आता होतं काय, की हात बसतो, डेटा चांगला यायला लागतो, तोवर कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष आलेलं असतं आणि माणूस प्रयोग सोडून पुढच्या नोकरीचे अर्ज भरत बसतो. तो गेला की उंदरांची ती लाइन कशी सांभाळायची, अॅनॅलिसिसच्या कोडमधे कुठली ओळ कशासाठी आहे, हे सगळं त्याच्याबरोबर जातं. नवा माणूस येतो आणि परत पहिल्यापासून.

यातून प्रश्नच छोटे निवडले जातात, ही माझी खरी तक्रार आहे. दोन वर्षांत शोधनिबंध (आमच्या भाषेत पेपर) दाखवला नाही तर पुढची नोकरी नाही हे माहीत असताना अवघड, फसू शकेल असा प्रश्न कोण घेणार? आणि उत्तर "फरक दिसला नाही" असं आलं तर ते लिहून काढायला वेळच नसतो, ते हार्ड डिस्कवर पडून राहतं. मग दुसऱ्या लॅबमधलं कुणीतरी तोच प्रयोग परत करतं, परत उंदीर मारले जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

जुनी उदाहरणं बघा. टिम ब्लिस पीएचडीनंतर ऑस्लोला गेले, तिथे तेर्ये लोमो यांच्याबरोबर त्यांनी १९६८-६९ च्या सुमारास हिप्पोकॅम्पसवर, मेंदूच्या आठवणींशी संबंधित भागावर, जे प्रयोग केले त्यांचा पेपर आला १९७३ मधे, आणि आठवण पेशींच्या पातळीवर कशी साठत असेल याचा आजचा बराचसा विचार त्यावर उभा आहे. लिंडा बक यांची पीएचडी १९८० ची. रिचर्ड अॅक्सेल यांच्या लॅबमधे पोस्टडॉक असताना त्या वास ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकांमागे लागल्या, दोघांचा पेपर आला १९९१ मधे, आणि २००४ मधे दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे पीएचडी ते तो पेपर, अकरा वर्षं! आजच्या कॉन्ट्रॅक्टवर हे कसं जमायचं?

सगळ्यांना प्राध्यापक करा असं मी म्हणत नाहीये, तेवढ्या जागा नाहीत आणि सगळ्यांना ते हवंही नसतं. पण प्रोजेक्टला निधी जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट पहिल्याच दिवशी हातात द्या, दरवर्षी वाढवून मिळतंय का याची वाट बघायला लावू नका. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनी सांगितलेले जास्तीचे प्रयोग करायला काही महिने जातात, तेही त्यात धरा. आणि प्रत्येक मोठ्या लॅबमधे किंवा निदान विभागात तरी कायम नोकरीवर असा अनुभवी संशोधक ठेवा ज्याचं कामच हे तंत्र टिकवणं आणि नव्या लोकांना शिकवणं असेल. खर्च वाढेल, मान्य, पण दर दोन-तीन वर्षांनी सगळं नव्याने शिकवण्यात जातो तोही खर्चच आहे ना, फक्त तो कुठल्या बजेटमधे दिसत नाही.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. आमच्या क्षेत्रात पेपरवर पहिलं नाव सहसा ज्याने सगळ्यात जास्त काम केलं त्याचं असतं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं, बातमीत मात्र बहुतेक वेळा शेवटचंच येतं. पहिलं नावही छापा, त्या व्यक्तीला फोन करा, या कामाला किती वर्षं लागली ते विचारा आणि प्रयोग उंदरावर झाला की माणसावर हे मथळ्यातच सांगा.

आपली,
एक पोस्टडॉक संशोधक