मशिनकडे पाठवा, पण पोच बुडवू नका

महोदय,

बँकांच्या शाखांत हल्ली एक वाक्य सर्रास कानावर पडते : ‘एवढ्याशा रकमेसाठी काउंटरला कशाला, बाहेर मशिन आहे ना!’ मशिनला विरोध असण्याचे कारण नाही. रात्री दुकान बंद करून गल्ला भरणाऱ्याला किंवा सुट्टीच्या दिवशी दवाखान्यासाठी पैसे काढणाऱ्याला त्याचाच आधार असतो. पण काउंटरवर भरणा केला की शिक्का आणि सही असलेली पोच हातात येते. मशिनकडे धाडलेल्या ग्राहकाच्या हाती काय राहते, हे शाखेतले कोणी पाहत नाही. काही बिघडले तर भांडण तिथेच सुरू होते.

रोख भरणा मशिनचे उदाहरण घ्या. बहुतेक मशिनमध्ये एका वेळी २०० पर्यंत नोटा टाकता येतात, त्याही साधारणपणे १००, २०० आणि ५०० च्या. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी घेऊन आलेल्या भाजीवाल्याला काउंटरशिवाय गत्यंतर नाही. कार्ड नसेल तर रकमेवर मर्यादा असते. काही बँकांत ती ४९,९०० रुपये आहे. नोटा अडकण्याची कारणे ठरलेली आहेत : राहून गेलेली टाचणी, रबरबँड, दुमडलेला कोपरा, चिकटपट्टी, पावसाने आलेली ओल. कोऱ्या करकरीत नोटाही एकमेकींना चिकटतात आणि दोन मिळून एक जाते. म्हणून गड्डी हातात घेऊन पत्ते पिसतात तशी मोकळी करावी आणि मगच ठेवावी.

खाते क्रमांक टाकल्यावर पडद्यावर खातेदाराचे नाव येते. ते वाचल्याशिवाय नोटा आत सोडू नयेत. एक आकडा चुकून रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली तर त्याच्या संमतीशिवाय ती परत आणणे फार जिकिरीचे होते. नोटा मोजून झाल्यावर मशिन किमतीनुसार तपशील दाखवते आणि खात्री करायला सांगते. नेमक्या याच क्षणी वीज किंवा नेटवर्क गेले तर नोटा मशिनच्या पोटात, खात्यात मात्र शून्य, आणि पावतीही नाही. अशा वेळी पैसे सापडतात ते पेटी उघडून मोजदाद झाल्यावर. मोजणीत निघालेली जादा रोकड मशिनच्या नोंदीशी ताडून पाहतात. तेव्हा ग्राहकाने ‘वीस हजार अडकले’ एवढेच सांगून फारसे भागत नाही. ‘५०० च्या ३७ आणि १०० च्या १५’ असे लिहून दिले तर काम लवकर उरकते. काउंटरच्या स्लिपवर नोटांच्या तपशिलाचा रकाना असतो तो यासाठीच. मशिनवर जातानाही तो तपशील कागदावर मांडून न्यावा. पावती आलीच तर तिचा लगेच फोटो काढावा, कारण तो कागद उष्णतेने उमटणारा असतो आणि पाकिटात राहून काही महिन्यांत कोरा पडतो.

एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले, या प्रकाराला रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचे संरक्षण आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. हा नियम दर्शनी भागात लावलेली शाखा शोधावी लागते. यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. दहा हजार मागितले आणि साडेनऊ हजारच आले, तर मशिनच्या लेखी व्यवहार पूर्ण झालेला असतो. मग आपोआप काही परत येत नाही, तक्रार करावीच लागते. मशिनचा क्रमांक, वेळ आणि रक्कम टिपून ठेवावी. मशिन दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार द्यायची ती आपले कार्ड ज्या बँकेचे आहे तिच्याकडे. ‘त्या बँकेत जा’ असे सांगून ग्राहकाला परत पाठवणे नियमाला धरून नाही.

मशिनकडे पाठवताना खर्चाचाही विचार व्हावा. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या महानगरात तीन, इतरत्र पाच. त्यानंतर १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर कर. दुसऱ्या बँकेच्या मशिनवर नुसती शिल्लक पाहिली तरी एक संधी खर्ची पडते. मशिनमध्ये रोकड नसल्यामुळे फसलेला व्यवहार मात्र मोजायचा नसतो. तो मोजला गेला असेल तर शुल्क परत मागावे.

चेकच्या पेटीबद्दल तर स्पष्टच लिहायला हवे. ‘चेक पेटीत टाका, इथे घेत नाही’ हे उत्तर चुकीचे आहे. पेटी ठेवली तरी काउंटरवर चेक घेऊन पोच द्यायला कोणत्याही शाखेला नकार देता येत नाही, आणि तसे पेटीवर लिहिलेलेही असले पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मोठ्या रकमेचा चेक पेटीत टाकूच नये. टाकायचाच तर मागे खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक लिहावा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचे समाशोधन, म्हणजे बँकाबँकांमधली चेकची वसुली, दिवसभर सतत चालते, सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत शाखा चेक पुढे पाठवत राहू शकते. पण पेटी संध्याकाळी एकदाच उघडली जात असेल तर त्या वेगाचा ग्राहकाला उपयोग काय?

पासबुक छपाईच्या मशिनचा उपयोग चांगला आहे. अडचण येते ती बारकोड पुसट झाला किंवा पासबुक भरले की. दोन्हींसाठी शेवटी शाखेतच यावे लागते.

काउंटरची गरज संपलेली नाही, हे एका कामावरून कळते. सरकारी योजनेचे पैसे ‘आले नाहीत’ म्हणून हेलपाटे घालणाऱ्या महिलांची खाती अनेकदा ठीकच असतात. आधार खात्याला जोडलेले असणे वेगळे आणि सरकारी अनुदानासाठी ते खाते नोंदलेले असणे वेगळे. अनुदान शेवटी नोंदवलेल्या खात्यात जाते, मग ते जुन्या बँकेतले विसरलेले खाते का असेना. हे पाहून, संमतीचा अर्ज भरून घेऊन नोंद बदलायला दोन मिनिटे समजावून सांगणारा माणूस लागतो. तीच गोष्ट मृत खातेदाराच्या दाव्याची, फाटक्या नोटांची, दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेल्या खात्याची.

म्हणून बँकांकडे मागणी अशी : कामकाजाच्या वेळेत मशिनच्या खोलीत एक जाणकार कर्मचारी असावा. नोटा अडकल्यास त्याने तिथेच तपशील लिहून घेऊन शिक्क्यासह तक्रार क्रमांक द्यावा. ज्या शाखेकडे मशिनचा हिशेब आहे तिचे नाव आणि फोन मशिनवर ठळक असावा. आणि ज्येष्ठ किंवा अक्षरओळख नसलेला ग्राहक काउंटरवर आला तर रक्कम कितीही लहान असो, त्याला बाहेर पाठवू नये. ग्राहकांनीही तक्रार तोंडी सांगून घरी जाऊ नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा, कारण बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि ते ३० दिवस त्या शिक्क्यावरच्या तारखेवरून दाखवता येतात.

– एक निवृत्त रोखपाल, सातारा