आकाशात काय लिहिलं होतं?

प्रिय नंदू,

आठ महिने पत्र नाही, चूक माझीच. गुडघा ठीक आहे, हिच्या डोळ्याचं ऑपरेशनही नीट झालं. आता मुद्द्याचं.

तुझ्या भिंतीवरचं ते दीपगृहाचं चित्रकार्ड! तीस कार्डांच्या बदल्यात माझ्याकडून नेलंस ते. "एवढ्या सुंदर आकाशावर कुणी शाई सांडली," म्हणत तू फ्रेममध्ये चित्राभोवती असा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, बसवलास की आकाशावर लिहिलेली अक्षरं पार झाकली गेली. त्यावरून रात्रभर भांडलो होतो. अरे, माणूस लिहिणार कुठे? ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत चित्रकार्डाच्या मागे फक्त पत्ता चालायचा. मजकूर चित्राच्या कडेने, नाहीतर चित्रावरच. मागची बाजू विभागून डावीकडे मजकूर लिहायची मुभा त्यानंतरची. "मग पाकीट घ्यायचं," असं तू म्हणाला होतास. दुष्टा, अजून हसू येतं.

परवा, दीपगृह ज्या घरातून आलं त्याच घरातून निघालेल्या दुसऱ्या गठ्ठ्यात १९०४ च्या शिक्क्याचं कार्ड मिळालं. चित्र साधंच, गुलाबांची परडी. मागे मात्र तीच जांभळी शाई, 'वाय'चं तेच लांब शेपूट, पत्ता त्याच मिस एच.चा. मजकूर एवढाच: आकाशात लिहिलेलं विसरून जा, आता उत्तराची वाट पाहत नाही.

नंदू, दीपगृह माझ्याकडे दोन वर्षं होतं आणि त्या आकाशातलं मला फक्त 'रविवार' आठवतंय. मजकुरासाठी कार्डं जमवणारा मी! तीन रात्री झोप नाही. उघड्या कार्डावर लिहिलेलं वाटेत कुणीही वाचेल, हे लिहिणाऱ्याला माहीत असणार. तरी लिहिलं. मग विसर म्हणाला. तिने दोन्ही ठेवली. शंभरावर वर्षं शेजारी राहिलेल्या कार्डांची ताटातूट माझ्या अदलाबदलीने झाली. आणि त्याने विसरायला सांगितलेलं मी पुन्हा उकरून काढावं का, हेही कळत नाही. तरी वाचायचंय. तिने फेकलं नाही, हाच माझा आधार.

मिनूला नोकरी लागल्याचं कळलं, तिला आशीर्वाद. घर बदलायचं कुठवर आलं? फ्रेम कुठल्या खोक्यात गेली नाही ना?

माउंट काढ. डिंकाने चिकटवला असलास तर ओढू नकोस आणि पाणी मुळीच लावू नकोस, जांभळी शाई पसरते. तसं असेल तर मीच येतो. परडी तुझ्याकडेच ठेव हवी तर, जोडी एकत्र राहू दे. फोटो नको पाठवूस. फोन करून वाचून दाखव, सावकाश.

तुझा,
विन्या